शेणाच्या घागरी ते आरओची कॅन : ‘शुद्ध’ पाणी नेमकं कोणाचं?

२० मार्च आणि २२ मार्च. दोन तारखांमध्ये दोनच दिवसांचं अंतर. २० मार्चला आपण महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतो. २२ मार्चला जगभर जलदिन साजरा होतो, १९९३ पासून. आमच्या तालुक्याच्या गावात हे दोन्ही दिवस न चुकता पाळले जातात. जलदिनाला शाळा-कॉलेजात आणि कार्यालयांत ‘पाणी वाचवा’ची शपथ होते. पाऊस, धरण, ठिबक सिंचन यावर भाषणं होतात. त्या भाषणांत महाडचं नाव येत नाही. आणि आपल्या २० मार्चच्या भाषणांतही एक साधा प्रश्न येत नाही : भीमनगरच्या शेवटच्या नळाला आज सकाळी जे पाणी आलं, ते पिण्याजोगं होतं का?

आमचं म्हणणं असं आहे की पाण्यावर हक्क कोणाचा आणि पाणी कसं, हे दोन प्रश्न इतिहासात कधीच वेगळे नव्हते. ज्याला विहीर नाकारली त्याच्या वाट्याला डबकं आलं. आणि ‘शुद्ध पाणी’ या शब्दाचा अर्थ ठरवायचा अधिकार ज्यांच्याकडे होता, पाण्याचा ताबाही त्यांच्याकडेच राहिला. हा अर्थ गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तीनदा बदलला. आधी तो धर्माने ठरवला, मग विज्ञानाने, आता बाजार ठरवतो आहे. या लेखात आम्ही तोच प्रवास मांडतो आहोत, कारण आपली वस्ती आज ज्या जड पाण्याला आणि ज्या कॅनला तोंड देते आहे, त्याचं मूळ या प्रवासात आहे.

नाकारलेली विहीर म्हणजे घाण पाणी

बाबासाहेबांनी आपल्या बालपणीचा १९०१ सालचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. मसूर स्टेशनावर उतरून वडिलांकडे कोरेगावला निघालेली ही मुलं. जवळ शिदोरी होती, भाड्याला पैसे होते, अंगावर चांगले कपडे होते. मिळालं नाही ते पाणी. वाटेत जे पाणी दाखवलं गेलं त्यात चिखल आणि शेण मिसळलेलं होतं, वास येत होता. अन्न सोबत असून मुलांना उपाशी झोपावं लागलं.

हा प्रसंग आपण अपमानाची कथा म्हणून वाचतो आणि तो अपमान आहेच. पण सामाजिक काम करणाऱ्या माणसाने तो आरोग्याची कथा म्हणूनही वाचला पाहिजे. अस्पृश्यतेचा अर्थ ‘तुम्हाला पाणी मिळणार नाही’ एवढाच कधी नव्हता. पाण्यावाचून कोणी जगत नाही, त्यामुळे अस्पृश्यही कुठून तरी पाणी पीतच होते. अर्थ असा होता की गावाची बांधलेली, खोल, उपसा असलेली विहीर तुम्हाला नाही. तुम्हाला ओढ्यातला झिरा, जनावरं उतरतात ते पाणवठे, नाहीतर कोणीतरी वरून ओतेल ती ओंजळ. पटकी आली की आधी कोणत्या वस्तीत माणसं दगावणार, हे जातीच्या नियमाने आधीच ठरवून ठेवलं होतं.

महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्या कृतीकडे आपण समतेची घोषणा म्हणून बघतो. ती होतीच, पण ती स्वच्छ पाण्याची पहिली वाटणीही होती.

एकशे आठ घागरींचं ‘शुद्धीकरण’

आता महाडकडे येऊ. घटनाक्रम आपल्या वाचकांना माहीत आहे, तरी थोडक्यात मांडतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९२६ साली बोले यांनी पुन्हा ठराव आणला, की जी स्थानिक संस्था हे पाळणार नाही तिचं अनुदान बंद करा. तरीही तळ्यावर कोणी गेलं नाही, कारण जाणाऱ्याचं पुढे काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होतं.

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी ती घडवण्यात मोठा वाटा उचलला. परिषदेची एक बारीक गोष्ट आम्हाला नेहमी थांबवते. हजारो माणसं जमली होती, आणि त्यांच्यासाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. पाण्याच्या हक्कासाठी भरलेल्या परिषदेला पाणी विकत घ्यावं लागलं. हे चाळीस रुपये लक्षात ठेवा, शेवटी त्यांच्याकडे परत यायचं आहे.

२० मार्चला बाबासाहेबांच्या मागे लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. परतताना, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळातही शिरणार अशी अफवा उठवून त्यांच्यावर हल्ला झाला. पुढे सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ केलं. कसं? शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या मिश्रणाच्या एकशे आठ घागरी मंत्र म्हणत तळ्यात ओतून.

इथे आम्हाला एक तारीख मधे घालायची आहे. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख याला कोलकात्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले होते. म्हणजे माणसाची घाण पाण्यात गेली की रोग पसरतो, हे परदेशात नव्हे तर हिंदुस्थानातल्याच एका तळ्यावर दिसून त्रेचाळीस वर्षं झाली होती. साथ आली की विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकायची पद्धत या देशात रुळलेली होती. अमेरिकेत जर्सी सिटीने १९०८ पासून शहराच्या पाण्यात क्लोरीन घालायला सुरुवात केली होती. महाडचे सनातनी हे अडाणी, एकाकी खेडूत नव्हते. नगरपालिका असलेलं, व्यापारी पेठ असलेलं, वकील असलेलं ते गाव होतं. अशा गावाने माणसाच्या ओंजळीने पाणी बाटलं आणि शेणा-मुताने शुद्ध झालं असं ठरवलं.

एक गोष्ट यातून उघडी पडते. ‘शुद्ध’ आणि ‘स्वच्छ’ हे शब्द मराठीत जवळजवळ समानार्थी वापरले जातात, पण जातिव्यवस्थेत ते एकमेकांच्या विरुद्ध टोकालाही जाऊ शकतात. महाडमध्ये पाणी शुद्ध झालं तेव्हाच ते अस्वच्छ झालं. ज्या तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता, जनावरांना मज्जाव नव्हता, तिथे प्रश्न पाण्याच्या गुणवत्तेचा नव्हताच. प्रश्न होता ताब्याचा. बाबासाहेबांनी परिषदेत हेच वेगळ्या शब्दांत मांडलं होतं : या पाण्यावाचून आम्ही आजवर मेलो नाही, हे पाणी पिऊन अमरही होणार नाही; आम्ही जातो आहोत ते इतरांसारखे आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला.

कोर्टात ‘वहिवाट’ सिद्ध झाली नाही

ऑगस्ट १९२७ मध्ये महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा सवर्णांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळवला. दाव्यातलं म्हणणं असं की तळं सार्वजनिक नाही, स्पृश्यांच्या खाजगी मालकीचं आहे, आणि अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची वहिवाट अनादिकालापासून आहे. बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडला नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, परिषदेने तळ्याभोवती मिरवणूक काढली, आणि पाण्याची लढाई कोर्टात नेली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : मालकीही सिद्ध होत नाही आणि तशी अनादि वहिवाटही सिद्ध होत नाही. पाणी प्यायल्याच्या दिवसापासून निकालापर्यंत तीन दिवस कमी दहा वर्षं गेली.

या निकालाची दोन अंगं आजही उपयोगाची आहेत. एक, ‘हे पहिल्यापासून असंच चालत आलंय’ हे वाक्य पुराव्यासमोर टिकत नाही. दोन, पैसा सार्वजनिक असेल आणि ताबा सार्वजनिक संस्थेचा असेल तर तिथे कोणाची खाजगी मर्जी चालत नाही. नळयोजना म्हणजे नेमकं हेच. पुढे संविधानाच्या कलम १५ (२) ने विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरात भेदभाव बंद केला, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ मध्ये तर एक तरतूद अशी आहे जी आपल्यातले फार थोडे कार्यकर्ते वापरतात : अनुसूचित जाती-जमातींचे लोक नेहमी वापरतात तो पाण्याचा स्रोत घाण करून वापरण्याजोगा न ठेवणं हा गुन्हा आहे. म्हणजे पाण्याची गुणवत्ता हा जातीचा प्रश्न आहे, हे कायद्यालाही मान्य आहे.

वेगळी विहीर, वेगळा हातपंप

मग गुंता कुठे झाला? आमच्या मते तो ‘वेगळ्या सोयी’त झाला.

१९३२ साली गांधीजींच्या प्रेरणेने अस्पृश्यता निवारणाची संस्था निघाली तेव्हा बाबासाहेबांनी ठक्करबाप्पांना पत्र लिहून मार्ग सुचवला होता. त्यांचा आग्रह होता की गावच्या विहिरीवर पाणी भरणं, गावच्या शाळेत बसणं, अशा नागरी हक्कांसाठी गावोगाव मोहीम काढा. म्हणजे आहे त्याच विहिरीवर हक्क. हा मार्ग संघर्षाचा होता, म्हणून तो घेतला गेला नाही. दुसरा मार्ग सोपा होता : महारवाड्यात, मांगवाड्यात वेगळी विहीर खोदून द्या. सवर्णांची विहीर ‘शुद्ध’ राहते, अस्पृश्यांना पाणी मिळतं, गावात भांडण होत नाही.

स्वातंत्र्यानंतर नाव बदललं, पद्धत राहिली. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरींचा, म्हणजे बोअरचा, काळ सुरू झाला. जालना आणि सोलापूर इथे तयार झालेल्या हातपंपांच्या अनुभवातून पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा पंप आला आणि देशभर गेला. हातपंपाने लाखो बायकांची पायपीट वाचवली, पटकीच्या साथी रोखल्या, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण आमच्या भागातल्या वस्त्यांमध्ये हातपंपाने ‘वेगळ्या विहिरी’ची जागा घेतली. गावाला धरणाच्या पाण्याची नळयोजना आली आणि वस्तीला सांगितलं गेलं, तुमच्याकडे बोअर आहेच ना.

आणि इथूनच जड पाण्याची गोष्ट सुरू होते.

जड पाणी, खारं पाणी आणि न दिसणारी घाण

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना खडक आणि मातीतले क्षार सोबत घेतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त झाले की पाणी जड होतं. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, कारण साबणाला फेस येत नाही. बोअर जितका खोल आणि पाणी जितका काळ खडकात थांबलेलं, तितके क्षार साधारणपणे जास्त. धरणातलं पाणी पावसाचं, जमिनीवरून वाहत आलेलं, म्हणून सहसा हलकं. म्हणजे एकाच गावात एका पेठेला धरणाचं पाणी आणि दुसऱ्या वस्तीला बोअरचं पाणी असेल, तर ते एकाच गावाचं पाणी राहत नाही.

विदर्भात याहून वेगळी अडचण आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणारा पूर्णा नदीचा खारपाण पट्टा. खाली गाळाचे जाड थर, निचरा कमी, त्यामुळे भूजलात मीठ साचलेलं. शेकडो गावांत विहीर खोदली तर खारं पाणी लागतं. अकोला जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणातून ८४ खेडी योजना करावी लागली ती यासाठीच. खारं पाणी आणि जड पाणी एकच नाही. खारेपणात मिठाचा, म्हणजे सोडियम-क्लोराइडचा वाटा मोठा, जडपणात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकत्र येतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत तिसरीच गोष्ट आहे : फ्लोराइड. त्याला चव नाही, वास नाही, पण दात पिवळे-तपकिरी होतात आणि हाडं वाकतात.

भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असायला हवं. लिटरमागे मिलिग्रॅममध्ये ते असं : एकूण कठीणपणा २००, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, ५००, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत. फ्लोराइड १, दुसरा स्रोत नसेल तर १.५. नायट्रेट ४५, त्यात सूट नाही. आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू एकही नको.

‘दुसरा स्रोत नसेल तर’ हे शब्द पुन्हा वाचा. मानकाने ही सूट अडचणीच्या जागेसाठी ठेवली आहे. पण वस्तीतल्या बोअरच्या पाण्याची तक्रार घेऊन गेलं की उत्तर मिळतं, ‘कठीणपणा ५५० आहे, मर्यादेत आहे.’ मर्यादेत कधी? दुसरा स्रोत नसेल तर! आणि दुसरा स्रोत तर गावात आहे. तो अर्ध्या किलोमीटरवरच्या पेठेत रोज सकाळी नळाला येतो. म्हणजे ज्या सूटीचा आधार घेतला जातो ती सूट इथे लागूच होत नाही. वस्तीला धरणाचं पाणी न देणं ही माणसांनी घेतलेली निवड आहे आणि ती भूगर्भशास्त्राच्या नावावर खपवली जाते. १९२७ ची वहिवाट आता तांत्रिक शब्दांत बोलते आहे.

दुसरा मुद्दा आपल्या लोकांसाठी. जडपणाची आपल्याला सवय असते कारण तो दिसतो. भांड्यावर पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही, केस राठ होतात, साबण जास्त लागतो, गिझरची कॉइल जळते. या सगळ्याचा भुर्दंड बाईच्या श्रमावर आणि घराच्या खर्चावर पडतो, तो खरा आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून वेगळी मर्यादा घातलेली नाही. वस्तीत कोणाला मूतखडा झाला की सगळे पाण्याकडे बोट दाखवतात. पण निव्वळ जडपणाने तो होतो असं ठामपणे म्हणता येत नाही. उलट ज्याने लेकरं आजारी पडतात ते दिसत नाही : गटाराचं पाणी मिसळल्याने येणारे जंतू, कावीळ, टायफॉइड, हगवण, आणि संडासच्या खड्ड्यांतून, खतांतून उथळ पाण्यात उतरणारं नायट्रेट, जे तान्ह्या बाळाला घातक ठरू शकतं. जड पाणी फिल्टरच्या जाहिरातीत दिसतं, नायट्रेट दिसत नाही. म्हणून भांडताना आपण जडपणावरच थांबलो तर अर्धीच लढाई लढू.

नळ आला तरी जात चावीत राहिली

नळ ही मुळात समतेची वस्तू आहे. एकच टाकी, एकच पाइप, सगळ्यांना तेच पाणी. म्हणूनच शहरांत पहिल्यांदा नळ आले तेव्हा सनातनी घरांत गडबड उडाली. तोटीत चामड्याचा वायसर असतो म्हणून सोवळ्यातल्या म्हाताऱ्या नळाचं पाणी पीत नसत, ही आठवण मराठी घरांतून अजून सांगितली जाते. पण हळूहळू सगळे प्यायले. पाइपात एकशे आठ घागरी ओतता येत नाहीत.

मग पाइपात जात येते कशी? ती येते व्हॉल्व्हच्या चावीतून आणि पाइपाच्या नकाशातून. कोणत्या भागाला किती वेळ पाणी सोडायचं, लाइन कुठून कुठे न्यायची, शेवटचं टोक कोणतं, हे कोणीतरी ठरवतं. आम्ही काम करतो त्या गावांत वस्ती बहुतेक वेळा शेवटच्या टोकाला आहे. गावकुसाबाहेरची वस्ती आपोआपच नळाच्या शेवटी आली, कारण पाइप गावापासून सुरू झाला. जुन्या गावाचा नकाशा नव्या पाइपात उतरला.

शेवटच्या नळाचं शास्त्र सगळ्यांनी समजून घ्यावं. टाकीत टीसीएल पावडर टाकली जाते, तिच्यातला क्लोरीन जंतू मारतो आणि थोडा पाण्यात शिल्लक राहून वाटेतल्या घाणीशी लढतो. मानक सांगतं की नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन शिल्लक हवा. पाणी जितकं लांब जातं, तितका तो कमी होत जातो. पेठेतल्या नळाला ओटी टेस्ट केली तर पिवळा रंग येतो, वस्तीच्या शेवटच्या नळाला रंगच येत नाही, असं घडू शकतं. शिवाय पाणी रोज तासभर किंवा दोन-तीन दिवसांआड येत असेल तर मधल्या वेळात पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपात बाहेरचं पाणी आत शिरतं. लाइन गटारातून गेली असेल आणि जोड फुटका असेल तर गटार आत येतं. दाब कमी म्हणून लोक जमिनीत खड्डा करून नळ घेतात, मोटार लावतात, आणि ओढ आणखी वाढते. आजारी पडल्यावर वरून ऐकवलं जातं : ‘तुमच्या लोकांना स्वच्छतेची सवय नाही.’

पुन्हा ते चाळीस रुपये

आणि आता आली आरओची कॅन. आमच्या गावात सकाळी छोटी गाडी फिरते, वीस लिटरची थंड कॅन दारात उतरते. लग्नात कॅन, तेरवीला कॅन, १४ एप्रिलच्या आपल्याच पाणपोईवर कॅन. नळाचं पाणी आता ‘वापरायचं पाणी’ झालं आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत तो नळाच्या भांडणातून बाहेर पडला. पेठेतल्या घरात स्वतःचं यंत्र आहे, नोकरीवाल्यांच्या घरी रोज कॅन येते. मजुरी करणाऱ्या घरात आठवड्यातून दोनदा, पाहुणे आले की. बाकी दिवस बोअर.

आरओ हे वाईट तंत्र नाही. फ्लोराइड, नायट्रेट किंवा खूप खारेपणा असेल तिथे ते लागतंच; नुसतं उकळून जंतू मरतात आणि जडपणाचा काही भाग खाली बसतो, पण नायट्रेट आणि फ्लोराइड तसेच राहतात, उलट पाणी आटल्याने किंचित वाढतात. पण जिथे पाणी मुळात हलकं आहे तिथे आरओ उगाच पाणी वाया घालवतं. २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओला मनाई करायला सांगितलं होतं. बरीच घरगुती यंत्रं जितकं गाळून देतात त्याहून जास्त मोरीत सोडतात. आणि उघड्या कॅनवर ना तपासणीची तारीख असते ना प्रयोगशाळेचा शिक्का. ती कशाने भरली, कशाने धुतली, कोणी विचारत नाही. चव गोड लागते, म्हणून ‘शुद्ध’. मंत्राच्या जागी टीडीएस मीटर आलं, ज्यावर आकडा दिसतो पण जंतू दिसत नाही.

महाडच्या परिषदेला चाळीस रुपयांचं पाणी घ्यावं लागलं, कारण सार्वजनिक तळं बंद होतं. आज आपली माणसं पाणी विकत घेतात, कारण सार्वजनिक नळावर भरवसा उरलेला नाही. कारणं वेगळी आहेत, कोणी हात धरून अडवत नाही, हे खरं. पण परिणाम तोच आहे : सार्वजनिक पाणी दुसऱ्या दर्जाचं आणि चांगलं पाणी पैशाचं. आणि यातला धोका असा की आपल्यातला शिकलेला, नोकरीतला माणूस कॅनवर गेला की वस्तीच्या नळासाठी अर्ज लिहिणारा हातच कमी होतो. चळवळीने मिळवून दिलेला माणूस पाण्याच्या बाबतीत चळवळीतून बाहेर पडतो.

मग मागायचं काय?

७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा हा विषय नगरपालिकेकडे दिला आहे. तेव्हा मोर्चाची जागा तीच आणि भाषा नेमकी हवी. आम्ही वस्तीवस्तीत पाच मागण्या घेऊन जातो आहोत.

एक, प्रत्येक प्रभागातल्या शेवटच्या नळाचं पाणी दर महिन्याला तपासून अहवाल समाजमंदिराच्या फलकावर मराठीत लावावा. टाकीजवळच्या नळाचा अहवाल चालणार नाही. दोन, अहवालात कठीणपणा आणि टीडीएसबरोबर नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू तपासणी हवीच. तीन, वस्तीला धरणाचं पाणी मिळतं की बोअरचं की मिसळलेलं, आणि कोणत्या वेळी, हे लेखी सांगावं. चार, गटारातून जाणाऱ्या लाइन बदलायला दलित वस्ती सुधार योजनेचा निधी वापरावा. दरवर्षी तोच सिमेंट रस्ता आणि तीच कमान पुरे झाली. पाच, ‘मर्यादेत आहे’ असं उत्तर आलं तर कोणत्या मर्यादेत, आणि दुसरा स्रोत नाही हे कोणी ठरवलं, हे माहितीच्या अधिकारात विचारावं.

यातलं काहीही अवघड नाही. जिल्ह्याच्या प्रयोगशाळा आहेत, ओटी टेस्टचं द्रावण स्वस्त आहे, ग्रामपंचायतींत जलसुरक्षक ती चाचणी करतात. आपल्या वस्तीतल्या बारावी सायन्सच्या मुली ती पाच मिनिटांत शिकतात, आम्ही शिकवली आहे. तारीख, वेळ, नळ कोणाच्या घरासमोरचा आणि रंग आला की नाही, एवढी चार रकान्यांची वही तीन महिने ठेवली की अधिकाऱ्याला उडवाउडवी करता येत नाही. सवर्णांची ‘वहिवाट’ कोर्टात पडली ती पुराव्याअभावी. पुरावा ठेवणं हाही महाडचाच वारसा आहे.

येत्या २० मार्चला महाडला जाणाऱ्यांनी जरूर जावं, तळ्याला वंदन करावं. जे जाऊ शकणार नाहीत त्यांनी त्या सकाळी आपल्या वस्तीच्या शेवटच्या नळाचं पाणी बाटलीत भरून तपासणीला द्यावं. आणि अहवाल हातात आला की २२ मार्चच्या जलदिनाच्या कार्यक्रमाला तो घेऊन जावं, पुढच्या रांगेत बसावं आणि प्रश्न विचारावा.

जय भीम.